मामांचं कलम

निफाडच्या मामांचा पाय भाजला तेव्हा नाशिकच्या एका दवाखान्यात त्यांच्याच मांडीची कातडी काढून जखमेवर लावली. डॉक्टर म्हणाले, "स्किन ग्राफ्ट केलंय." मामा म्हणाले, "म्हणजे कलमच की. लागंल ना?" डॉक्टर हसले. पण मामा शब्दाच्या मुळाशीच पोचले होते.

'ग्राफ्ट'चं मूळ म्हणजे लेखणीचा ग्रीक शब्द. तासून टोक काढलेली काडी लेखणीसारखी दिसते, म्हणून आधी ते नाव झाडाच्या कलमाला पडलं आणि तिथून वैद्यकात गेलं. आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेलं 'कलम' म्हणजेही लेखणीच! मामांच्या द्राक्षबागेत डॉगरीज जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळं धरलेल्या बुंध्यावर, थॉमसन या खायच्या द्राक्षाची काडी भरतात: पाचरीसारखी तासायची, खुंटाच्या चिरेत बसवायची, सालीखालचा हिरवा थर थराला भिडवायचा आणि वर प्लॅस्टिकची पट्टी करकचून बांधायची.

इटलीतल्या बोलोन्याच्या ताल्याकोत्सी या शल्यवैद्यानं 1597 साली दंडाच्या कातडीनं नाक घडवण्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याच्या नावातच कलम करण्याचा लॅटिन शब्द घातला. नाकाचा विषय नाशिककरांना नवा नाही. शूर्पणखेचं नाक इथंच कापलं आणि त्यावरून गावाला नाव पडलं, असं लोक मानतात. कापलेलं नाक गालाच्या कातडीनं जोडायची रीत सुश्रुतसंहितेत आहे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाच्या कातडीचं नाक बसवलं, ती हकिकत 1794 मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली. मात्र आजच्या काटेकोर भाषेत ते ग्राफ्ट नव्हे, 'फ्लॅप'. कारण कातडीचा एक पदर भुवयांमध्ये जोडलेला ठेवला होता, रक्त तिथून मिळत होतं. ग्राफ्ट म्हणजे मुळापासून पूर्ण सुटलेला तुकडा, ज्या जागी लावला तिथल्याच रक्तावर जगणारा. कातडीचे असे चिमटीएवढे तुकडे रेव्हर्दँ या शल्यवैद्यानं पॅरिसमध्ये 1869 साली लावून दाखवले.

द्राक्षाला परका खुंट चालतो. माणसाला परकी कातडी फार दिवस चालत नाही, शरीर ती झिडकारतं. म्हणून मामांची स्वतःची मांडी.

पाचव्या दिवशी पट्टी सोडली. कातडी गुलाबी दिसत होती. डॉक्टरांच्या आधी मामाच म्हणाले, "लागलं." मांडीची आग मात्र पायापेक्षा जास्त होत होती.