पापनिवेदन (ख्रिस्ती) : मराठवाड्याच्या संदर्भात

पापनिवेदन : केलेल्या पापाची देवापुढे, आणि काही पंथांत धर्मगुरूपुढे, कबुली देऊन क्षमा मागण्याचा ख्रिस्ती धर्माचार. यास पापकबुली किंवा पापांगीकार असेही म्हणतात. रोमन कॅथलिक पंथ हा आचार सात संस्कारांपैकी एक मानतो (प्रायश्चित्त अथवा समेट संस्कार). बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ त्यास संस्कार मानत नाहीत. पाप करणारा पापाचा दास असतो व ख्रिस्ताकडून त्याची सुटका होते (योहान 8:34–36), ही भूमिका मात्र दोघांचीही आहे. कॅथलिक परंपरा प्रामुख्याने योहान 20:23 चा आधार घेते. प्रॉटेस्टंटांचा भर 1 योहान 1:9 वर असतो. याकोब 5:16 मधील ‘एकमेकांजवळ’ कबुलीचा अर्थ दोघे वेगवेगळा लावतात.

पापनिवेदनाच्या आजच्या रूपाचा, म्हणजे धर्मगुरूच्या कानात सांगण्याच्या व पुनःपुन्हा करता येणाऱ्या कबुलीचा, उगम वादग्रस्त आहे. आरंभीच्या चर्चमध्ये मूर्तिपूजा, खून, व्यभिचार यांसारख्या गंभीर पापांसाठी बाप्तिस्म्यानंतर एकदाच क्षमेची संधी असे. हर्मास या ख्रिस्ती लेखकाच्या लेखनात (दुसरे शतक) व तर्तुलियन या ख्रिस्ती विचारवंताच्या प्रायश्चित्तविषयक ग्रंथात (इ. स. सु. 203) हेच दिसते. प्रायश्चित्त चारचौघांत, दीर्घ व कठोर असे. त्या काळात पापी प्रभुभोजनापासून (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीपासून) दूर राही. रोमन सम्राट डेसियसने केलेल्या ख्रिस्त्यांच्या छळात (250) धर्म सोडलेल्यांना परत घ्यावे की नाही, यावरून कार्थेजचा बिशप सिप्रियन याला मोठ्या वादास तोंड द्यावे लागले. संधी एकच असल्याने लोक ती मृत्युशय्येपर्यंत लांबवू लागले. पापांची यादी सर्वांसमक्ष वाचण्याची प्रथा पोप पहिला लिओ याने 459 मध्ये निषिद्ध ठरवली.

खाजगी कबुली प्रेषितांच्या काळापासूनच चालत आली, असे जुने कॅथलिक पक्षकार मांडत. हेन्री चार्ल्स ली या अमेरिकन इतिहासकाराने (1896) ती मध्ययुगीन निर्मिती ठरवली. बर्नहार्ट पोशमान या कॅथलिक अभ्यासकानेही पुढे प्राचीन चर्चमध्ये जाहीर प्रायश्चित्तच होते, असा निष्कर्ष काढला. सहाव्या शतकातील आयरिश मठांत प्रत्येक पापास ठरावीक प्रायश्चित्त नेमणाऱ्या पुस्तिका रूढ झाल्या व कोलंबानस (मृ. 615) या आयरिश साधूने ती रीत युरोपच्या मुख्य भूमीवर नेली, हे मत आज बहुमान्य आहे. यात अडचण एकच आहे. स्पेनमधील टोलेडो येथील धर्मसभेने 589 मध्येच वारंवार क्षमा मागण्याच्या प्रथेचा निषेध केलेला आढळतो. कोलंबानस साधारण त्याच सुमारास गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) आला. तेव्हा स्पेनमधील ही प्रथा त्याच्याकडून आली असणे कालदृष्ट्या कठीण दिसते. एकाहून अधिक ठिकाणी ती स्वतंत्रपणे वाढली असावी, हे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते.

चौथ्या लॅटरन धर्मसभेने (1215) वर्षातून एकदा तरी कबुली देणे सक्तीचे केले. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने सक्ती नाकारली, खाजगी कबुली नव्हे. आउग्सबुर्ग मतपत्र या ल्यूथरपंथीयांच्या श्रद्धानिवेदनातही (1530) ती कायम आहे. ट्रेंट धर्मसभेने (1551) कॅथलिक सिद्धांत पक्का केला. जाळीदार कबुलीकक्षाचा प्रसार मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांच्या नियमांमुळे झाला. 1973 च्या सुधारित विधीने समोरासमोर बसून पापनिवेदनास वाव दिला. ऐकलेले पाप उघड करण्यास धर्मगुरूला पूर्ण मनाई आहे.

मराठवाडा निजामाच्या संस्थानात असताना येथे प्रथम प्रॉटेस्टंट कार्य रुजले. जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) रतनजी नवरोजी हे पारशी धर्मांतरित पाळक कार्यरत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस डी सेल्स संघाचे फादर घोगरगाव भागात आले. औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत 1977 मध्ये स्थापन झाला. प्रॉटेस्टंटांपैकी बरेच जण 1970 मध्ये उत्तर भारतीय चर्चमध्ये सामील झाले.

दोन्ही पंथांतील फरक खेड्यांत व्यवहारातही जाणवतो. कॅथलिकांत प्रार्थना मास्तर (गावातील धर्मशिक्षक) चालवू शकत, परंतु पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार दीक्षित धर्मगुरूसच असल्याने ते फादरांच्या फेरीशी बांधले गेले. उपासकाळात, विशेषतः पुनरुत्थानाच्या सणाआधी (ईस्टर), त्यास गर्दी होते. प्रॉटेस्टंट उपासनेत सर्वांनी मिळून कबुली म्हणायची, मग पाळकाने क्षमेचे वचन वाचायचे; व्यक्तिगत कबुली बहुधा ‘साक्ष’ (आपला श्रद्धानुभव सर्वांसमोर सांगणे) देताना येते. मराठी मुलखातील जाहीर पापकबुलीचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र मराठवाड्याबाहेरचे आहे : पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमधील 1905 ची धार्मिक जागृती.

मराठवाड्यातील ख्रिस्ती समाज बव्हंशी मांग व महार समाजांतून आलेला असल्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप येथे विशेष लागू पडतो. अस्पृश्याची अधोगती भोवतालच्या समाज-धर्मव्यवस्थेने झाली हे सांगण्याऐवजी ती त्याच्या पापाने झाली असे त्याला शिकवले जाते, असे त्यांनी मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात लिहिले आहे. 1980 च्या दशकापासून अरविंद निर्मल प्रभृती ख्रिस्ती विचारवंतांच्या दलित ईश्वरविज्ञानाने (दलितांच्या दृष्टीतून मांडलेल्या ख्रिस्ती धर्मविचाराने) दलितांच्या वेदनेलाच विचाराचा आरंभबिंदू केले. कॅथलिकांच्या 1969 च्या मिस्साविधीत (मुख्य सामुदायिक उपासनाविधीत) सामुदायिक कबुलीत कर्तव्य टाळल्याचे पापही जोडले गेले. त्या अर्थाने, अन्याय पाहून गप्प राहणाऱ्यालाही कबुली द्यावी लागते, असा युक्तिवाद करता येतो.