सान सिरोची दुसरी रिंग : सत्तर वर्षे आणि पाच दिवस

इटलीतल्या मिलान शहराच्या पालिकेने सान सिरो हे फुटबॉल स्टेडियम तिथे खेळणाऱ्या एसी मिलान आणि इंटर या दोन क्लबांना विकले. जुने बहुतांश पाडून शेजारी नवे बांधायची क्लबांची योजना आहे. विक्रीचा दस्त ५ नोव्हेंबर २०२५ रोजी झाला. त्याच स्टेडियमच्या दुसऱ्या रिंगला, म्हणजे आसनांच्या मधल्या मजल्याला, सरकारी कागदांनुसार १० नोव्हेंबर २०२५ रोजी सत्तर वर्षे पूर्ण होणार होती. स्टेडियम वाचवण्यासाठी सहा वर्षे धडपडणाऱ्या नागरिकांची सगळी लढाई शेवटी या पाच दिवसांच्या फटीत येऊन अडकली. ही फट कशी पडली ते समजून घेतल्याशिवाय बातम्यांमधला ‘वारसा की विकास’ हा वाद कळत नाही. कारण मिलानमध्ये प्रश्न सौंदर्याचा कमी होता आणि मोजणीचा जास्त.

इमारतीचा इतिहास थोडक्यात. १९२६ साली खास फुटबॉलसाठी, धावपट्टी न ठेवता, चार सरळ स्टँड उभे राहिले. १९३५ मध्ये शहराच्या पालिकेने ते विकत घेतले आणि तीसचे दशक संपण्याआधी कोपरे जोडून सलग वाडगा केला. १९५५ मध्ये या वाडग्याभोवती आणि त्याच्या वर दुसरी रिंग चढली. प्रेक्षकांना वर नेणारे उतार बाहेरच्या बाजूने गुंडाळत नेले होते, आणि आज सान सिरो म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारे ते आडव्या पट्ट्यांचे रूप म्हणजे हेच उतार. १९९०च्या विश्वचषकासाठी तिसरी रिंग आणि छप्पर आले. काँक्रीटच्या अकरा गोल मनोऱ्यांवर ही रिंग उभी आहे, आणि त्यांतले चार मनोरे छताच्या लाल तुळया पेलतात.

रचनेची एक बाब इथे नीट लक्षात ठेवावी लागते. तिसऱ्या रिंगचा भार खालच्या दोन रिंगांवर नाही, तो आपल्या मनोऱ्यांमधून थेट जमिनीत उतरतो. दुसरी रिंग मात्र पहिलीला चारही बाजूंनी वेढून आहे. म्हणजे तिसरी काढून दुसरी ठेवणे अभियांत्रिकीच्या दृष्टीने शक्य आहे. दुसरी ठेवून ‘बाकीचे स्टेडियम पाडा’ म्हणणे जवळजवळ निरर्थक आहे, कारण दुसरी उभी राहिली तर तिच्या पोटातली पहिलीही राहते. म्हणून मधल्या मजल्याला संरक्षण मिळाले असते, तर पाडण्याची योजनाच बारगळली असती. दोन्ही पक्षांना हे पहिल्यापासून माहीत होते.

आता कायदा. इटलीचा सांस्कृतिक वारसा कायदा २००४चा. सार्वजनिक संस्थेच्या मालकीची वास्तू ठरावीक वयाची झाली आणि तिचा रचनाकार हयात नसेल, तर ती संरक्षित आहे असे आपोआप धरले जाते. कोणी अर्ज केला पाहिजे असे नाही. हे गृहीतक टिकते ते पडताळणी होईपर्यंत. पडताळणीसाठी मालक संस्था नकाशे, छायाचित्रे आणि इतिहासाची टिपणे जोडून प्रस्ताव पाठवते, आणि वारसा खात्याने १२० दिवसांत उत्तर द्यायचे असते. उत्तर ‘महत्त्व आहे’ असे आले तर संरक्षण कायम होते. ‘नाही’ आले तर वास्तू मोकळी होते आणि विकता येते.

ठरावीक वय म्हणजे किती, इथे पहिली गाठ आहे. मूळ कायद्यात ते पन्नास वर्षे होते. २०११ मध्ये आर्थिक विकासाला चालना देणाऱ्या एका वटहुकुमाने सार्वजनिक स्थावर मालमत्तेसाठी ते सत्तर केले. त्या काळी सान सिरो पाडायचा विषय कोणाच्या मनातही नव्हता. सार्वजनिक इमारतींची विक्री आणि दुरुस्ती सोपी व्हावी हा हेतू होता. पण त्या एका आकड्याने युद्धोत्तर काळातल्या काँक्रीटच्या वास्तूंची अख्खी पिढी आपोआप मिळणाऱ्या संरक्षणाबाहेर गेली. पन्नासचा आकडा राहिला असता तर २००५ मध्येच पन्नाशी गाठलेली दुसरी रिंग त्या कक्षेत राहिली असती, आणि २०१९ मध्ये दोन्ही क्लबांनी नव्या स्टेडियमचा प्रस्ताव आणला तेव्हा चर्चेची सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून झाली असती.

दुसरी गाठ २०२०ची. प्रस्ताव आल्यावर पडताळणी झाली आणि वारसा खात्याच्या प्रादेशिक आयोगाने सांस्कृतिक महत्त्व नाही असा निर्वाळा दिला. कारण असे की १९२६ आणि तीसच्या दशकातले मूळ बांधकाम पुढच्या भरींमुळे इतके झाकले गेले आहे की ते अवशेषापुरतेच उरले. तर्क वरवर बरोबर दिसतो. पण तो दोन्ही टोके बंद करतो. जुना भाग बदललेला म्हणून गेला, आणि ज्या भरीने तो बदलला ती अजून सत्तरीची नाही म्हणून तिचा त्या निकषावर विचारच नाही. लोकांच्या मनातले सान सिरो म्हणजे ती १९५५ची भरच, आणि पडताळणीत नेमकी तीच मोजली गेली नाही. नागरिकांच्या समितीने हा मुद्दा तेव्हापासून लावून धरला आणि आमच्या मते तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत भक्कम मुद्दा आहे. थरांनी घडलेल्या वास्तूला ‘मूळ किती उरले’ हा प्रश्न विचारायचाच नसतो. प्रत्येक थराला त्याच्या काळाचे वजन द्यायचे असते. (इतिहासाशी असलेल्या नात्यामुळे मिळणाऱ्या संरक्षणाला याच कायद्यात वयाची अट नाही. तो रस्ता उपलब्ध होता, घेतला गेला नाही.)

तिसरी गाठ २०२३ मध्ये पडली. वारसा खात्याच्या मिलान कार्यालयाने पालिकेला कळवले की दुसरी रिंग २०२५ मध्ये सत्तरीत पोचेल आणि तेव्हा ती आपोआप संरक्षणाखाली येईल. तोवर प्रकल्पाचे वेळापत्रक परवानग्या आणि पैसा यांवर चालले होते. या पत्रानंतर त्याला शेवटची तारीख मिळाली.

मग वाद सुरू झाला की सत्तर वर्षे कधीपासून मोजायची. हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. स्टेडियमचे बांधकाम टप्प्याटप्प्याने होते. आधी सांगाडा उभा राहतो, मग पायऱ्या बसतात, मग भारचाचणी होते, मग काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळतो. पुष्कळदा या शेवटच्या कागदाच्या कितीतरी आधी प्रेक्षक बसायलाही लागलेले असतात. कायद्यात शब्द आहे ‘निर्मिती’. तिचा अर्थ काँक्रीट ओतले तो दिवस की दाखला दिला तो, यावर महिन्यांचा फरक पडतो. सरकारी बाजूने १० नोव्हेंबर १९५५ धरली. नागरिकांचे म्हणणे होते की रिंग त्याआधीच तयार होती, म्हणजे सत्तरीही उलटून गेली होती आणि विक्रीची प्रक्रिया बेकायदा आहे. ते प्रशासकीय न्यायालयात गेले, पण विक्री रोखणारी तातडीची स्थगिती मिळाली नाही.

अशा वादात पुरावा कसा उभा राहतो, हे इतर शहरांतल्या समित्यांना उपयोगी पडेल. वर्तमानपत्रातले सामन्याचे छायाचित्र उपयोगाचे असते, पण अंक आणि पान यांची तारीख पक्की असेल तरच. छायाचित्रात नव्या पायऱ्यांवर माणसे बसलेली दिसली पाहिजेत. नुसता सांगाडा दिसला तर तो विरुद्ध बाजूचा पुरावा होतो. त्याहून भक्कम म्हणजे पालिकेच्या दप्तरातली कंत्राटदाराची देयके, भारचाचणीचे प्रतिवृत्त आणि त्या हंगामात विकलेल्या तिकिटांची वर्गवारी. नव्या मजल्याची तिकिटे विकली गेली असतील, तर तो मजला वापरात होता हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. हे कागद माहितीच्या अर्जाने मिळतात, पण वेळ लागतो, आणि विक्री जवळ आल्यावर सुरू केलेला शोध बहुधा उशिराच संपतो.

पाच दिवसांचे महत्त्व नुसते ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढेच नाही. मालक बदलला की कसोटीच बदलते. सार्वजनिक मालकीच्या वास्तूला ‘सांस्कृतिक महत्त्व’ असले की पुरते. खाजगी मालकीच्या वास्तूला ‘विशेष महत्त्व’ असावे लागते, आणि गृहीतक नसते. खात्याने स्वतः प्रक्रिया सुरू करून मालकाला नोटीस द्यायची, त्याचे म्हणणे ऐकायचे, मग घोषणा करायची. वास्तू तीच, वय तेच, पण पार करायची पायरी उंच होते आणि ती पार करण्याची जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. ५ नोव्हेंबरला दस्त झाला म्हणजे १० तारखेला सत्तरी भरली ती खाजगी मालमत्तेची.

या तारखेमुळे २०२५चे वर्ष कसे गेले ते पाहा. मार्चमध्ये क्लबांनी जागेसकट स्टेडियम विकत घेण्याचा प्रस्ताव दिला. पालिकेने २४ मार्चला इतर इच्छुकांसाठी जाहीर सूचना काढली, मुदत ३० एप्रिल. साधारण २ लाख ८० हजार चौरस मीटर जमीन, त्यावर चालू स्थितीतले स्टेडियम, आणि प्रस्ताव तयार करायला पाच आठवडे. एवढ्या काळात मातीची तपासणी, रचनेची पाहणी आणि पैशाची हमी या तिन्ही गोष्टी जुळवणे कोणालाही जमण्यासारखे नव्हते. ही मुदत नागरिकांच्या आक्षेपांत होती आणि आक्षेप रास्त होता. किंमत ठरली १९ कोटी ७० लाख युरो. नगरसभेत रात्रभर बैठक चालून ३० सप्टेंबरच्या पहाटे २४ विरुद्ध २० मतांनी विक्री मंजूर झाली.

क्लबांची बाजूही मांडायला हवी. पाडण्यामागचे त्यांचे कारण काँक्रीट कोसळेल हे नव्हते. अडचण दुरुस्तीच्या काळात खेळायचे कुठे, ही होती. शेजारच्या वाहनतळाच्या बाजूला नवे स्टेडियम बांधले तर ते होईपर्यंत जुन्यात सामने चालू राहतात आणि तिकिटांचे उत्पन्न थांबत नाही. जुन्याचे नूतनीकरण म्हणजे काही हंगाम हजारो आसने बंद. शिवाय १९५५च्या पायऱ्या आजच्या आसनांना अपुऱ्या आहेत. आरामात बसायला ओळीची खोली ८० सेंटिमीटरच्या आसपास लागते. ओळी रुंद करायच्या तर त्यांची संख्या घटते, आणि पुढच्याच्या डोक्यावरून मैदान दिसायचे तर उतारही बदलावा लागतो. तिसऱ्या रिंगने आणि छताने गवताचे ऊन आणि वारा अडवला हेही खरे. १९९० नंतर हिरवळ इतकी मरत राहिली की एका हंगामात ती पुन्हा पुन्हा बदलावी लागे, आणि २०१२ मध्ये कृत्रिम तंतू मिसळलेले मैदान घालावे लागले.

पण यातली हिरवळीची तक्रार तिसऱ्या रिंगची आहे. तिसरी काढून १९५५च्या रूपाकडे परतण्याचा पर्याय म्हणूनच गंभीर होता. २०२४ मध्ये एका बांधकाम कंपनीने सामने चालू ठेवून टप्प्याटप्प्याने नूतनीकरण करण्याचा वेगळा आराखडाही दिला; क्लबांनी खर्च आणि व्याप यांची कारणे देऊन तो नाकारला. असे अंदाज वाचताना एक चूक सर्रास होते. दुरुस्तीच्या रकान्यात पुढच्या तीस-चाळीस वर्षांची देखभाल धरलेली असते, आणि नव्याच्या रकान्यात पाडण्याचा खर्च, राडारोड्याची विल्हेवाट आणि जमिनीची सफाई दुसऱ्या शीर्षाखाली गेलेली असते. दोन्ही बेरजा समान पायावर आणल्याशिवाय ‘दुरुस्ती महाग’ या वाक्याला अर्थ नाही.

‘धोकादायक’ हा शब्दही तपासून घ्यावा. जुन्या स्टेडियमचे काँक्रीट बिघडते ते बहुतेक पाण्यामुळे. पायऱ्यांचे सांधे उघडतात, निचऱ्याची तोंडे तुंबतात, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची अल्कता (सळईला गंजापासून जपणारा गुण) कमी होत जाते, हा बिघाड सळईपर्यंत पोचतो, सळई गंजून फुगते आणि वरचा थर फुटून पडतो. फोडलेल्या ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडले तर निरोगी काँक्रीट गुलाबी होते, बिघडलेले रंगहीन राहते. रंगहीन थराची जाडी आणि सळईवरचे आवरण यांची तुलना केली की किती वर्षे हातात आहेत याचा अंदाज येतो. अहवालात हे दोन आकडे शेजारी शेजारी नसतील आणि फक्त पडलेल्या पापुद्र्यांची छायाचित्रे असतील, तर त्यातून पाडण्याचा निष्कर्ष निघत नाही.

लोकांना विचारले गेले नाही असे नाही. २०२२च्या शरदात कायद्याने ठरवलेली सार्वजनिक चर्चा झाली, तिच्या बैठका झाल्या, हरकती नोंदल्या गेल्या. पण अशा चर्चेचा निष्कर्ष बंधनकारक नसतो. सार्वमताची मागणी स्वतंत्रपणे झाली, ती स्वीकारली गेली नाही.

इटलीतच फ्लॉरेन्सला वेगळे घडले. तिथले १९३०च्या दशकातले काँक्रीटचे स्टेडियम सत्तरी केव्हाच ओलांडून संरक्षित झालेले. २०२०च्या एका कायद्याने खेळाच्या वास्तूंवरचे संरक्षण सैल करण्याची मुभा दिली. जपण्यासारखे ठरावीक घटक मंत्रालयाने नेमून द्यायचे आणि बाकी बदलू द्यायचे. मंत्रालयाने वर्तुळाकार जिने, मनोरा, मुख्य स्टँडचे छत असे घटक नेमले आणि सरसकट पाडणे अशक्य झाले. तिथे क्लबला नूतनीकरणाचाच रस्ता उरला. आपल्याकडे दिल्लीत १९७२चे हॉल ऑफ नेशन्स हे काँक्रीटचे प्रदर्शन-दालन २०१७च्या एप्रिलमध्ये रातोरात पाडले गेले, तेव्हाही वारशासाठी साठ वर्षांची अट पुढे केली होती आणि इमारत पंचेचाळीसची होती. आकडा प्रत्येक देशात वेगळा, पण काँक्रीटच्या चांगल्या वास्तू जातात त्या बहुतेक त्या आकड्याच्या अलीकडेच.

सान सिरोची विक्री झाली असली तरी ते लगेच पडणार नाही. नवे स्टेडियम ७१,५०० आसनांचे योजले आहे आणि ते उभे राहीपर्यंत जुने वापरात राहायचे आहे. इटली आणि तुर्कस्तानातल्या २०३२च्या युरो स्पर्धेसाठी मैदाने ठरवण्याची घाई त्यामागे आहे. आराखड्यात दुसऱ्या रिंगचा एक तुकडा राखून बाकी मोठा भाग पाडण्याचे ठरले आहे. तोवर ‘विशेष महत्त्वा’च्या घोषणेचा मार्ग कायद्याने खुला आहे. ती मागणी करणाऱ्यांना तीन गोष्टी दाखवाव्या लागतील. पहिली, १९५५चा थर स्वतंत्र वास्तू म्हणून वाचता येतो. दुसरी, तिसरी रिंग काढल्यावरही तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. तिसरी, राखलेल्या तुकड्यातून बाहेरच्या उतारांची रचना समजत नाही, कारण ते उतार वर्तुळ पूर्ण करूनच अर्थ देतात.