वेष्टन निघालं तर? फायबर रॅपिंगमागचा जुना प्रश्न

फायबर रॅपिंग म्हणजे काँक्रीटच्या तुळईला किंवा खांबाला बळ देण्यासाठी बाहेरून कार्बन तंतूंच्या पट्ट्या वा कापड चिकटवणं. त्याआधी तुळईला पोलादी पट्ट्या इपॉक्सीने, म्हणजे कडक होणाऱ्या रासायनिक गोंदाने, चिकटवत; ती पद्धत १९६० च्या दशकातली. पट्ट्या जड असत आणि नेमक्या चिकटलेल्या बाजूने गंजत. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नजवळच्या इबाख पुलावर सिग्नलसाठी छिद्र पाडताना पूर्वताणाची केबल (काँक्रीटला आवळून धरणारी, ताणून बसवलेली पोलादी केबल) तुटली. तिथे दुरुस्तीत १७५ किलो पोलादाचं काम ६.२ किलो कार्बन पट्ट्यांनी भागलं. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानमध्ये खांबांना कार्बनचं कापड गुंडाळणं झपाट्याने वाढलं. चिरडताना खांब आडवा फुगतो, वेष्टन त्याला फुगू देत नाही. चौकोनी खांबाचे कोपरे आधी घासून गोल करावे लागतात, तेही याचसाठी.

खरा वाद पेटला तो वेगळ्याच मुद्द्यावर. इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागतं. आग लागली, वाहन धडकलं, कुणी तोडफोड केली आणि वेष्टनच गेलं तर? २००२ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने अट घातली: वेष्टन नाही असं धरून मूळ तुळईने वाढीव वापरातल्या स्थिर भाराच्या (बांधकामाचं स्वतःचं वजन) १.२ पट आणि चल भाराच्या (माणसं, सामान, वाहनं) ०.८५ पट भार पेलायलाच हवा. २००८ मध्ये हे आकडे १.१ आणि ०.७५ वर आले. सवलतीच्या बाजूचे म्हणतात, पूर्ण चल भार आणि अपघात एकाच वेळी क्वचितच येतात. हे पटण्यासारखं आहे, पण गोदामात माल कायमच रचलेला असतो. तिथे चल भार पूर्ण धरावा, असं म्हणूनच वेगळं सांगावं लागलं. आगीची तपासणी तर स्वतंत्रच. या अटीमुळे फार कमकुवत तुळई निव्वळ कापड चिकटवून वाचवता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

काँक्रीट आणि गोंदात नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कण मिसळण्याचा अध्याय अलीकडचा. हा शब्द सैल वापरला जातो. सिलिका फ्यूम या सिलिकेच्या बारीक धुळीचा कण ०.१ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, म्हणजे नॅनोच्या उंबरठ्यावरचा. खरी नॅनो सिलिका त्याहून बारीक. ती सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावून पोकळ्या भरते. कार्बन नॅनोट्यूबच्या, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या, गुठळ्या होतात, त्या फोडण्यातच निम्मी मेहनत जाते. अशी पूड इपॉक्सीत घातली तरी त्याचं उष्णतेपुढे नमणं संपत नाही.

म्हणून काहींनी गोंदच बदलला: कार्बनची जाळी सिमेंटच्या गिलाव्यात बसवायची. हा गिलावा आगीत मऊ पडत नाही. मात्र सुमारे ७ मायक्रॉन जाडीच्या हजारो तंतूंच्या जुडग्यात सिमेंटचे जाडे कण शिरत नाहीत, आतले तंतू सुटेच राहून घसरतात. नॅनो सिलिकेला खरं काम सापडलंय ते या फटींमध्ये.