पोटातलं पाणी वाढतं तेव्हा

कोकणात एखादीचं पोट सातव्यातच नवव्यासारखं दिसू लागलं की शेजारची काकू ‘जुळं असणार हो’ म्हणून मोकळी होते. क्वचित मात्र सोनोग्राफीत बाळ एकच दिसतं, भोवतीचं पाणी बेसुमार वाढलेलं असतं आणि बाळाच्या एका मूत्रपिंडात भरीव गोळा असतो.

गोळा भरीव आहे की लघवी तुंबून मूत्रपिंड फुगलंय, हे आधी नीट पाहावं लागतं. फुगलेलं मूत्रपिंड कितीतरी जास्त वेळा आढळतं. भरीव असेल तर बहुधा ती जन्मजात मेसोब्लास्टिक नेफ्रोमा, म्हणजे मूत्रपिंडाची जन्मतःच असलेली गाठ. विल्म्सच्या गाठीहून, म्हणजे लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगाहून, ही वेगळी, हे बोलांडे आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखवलं. ही बहुधा सौम्य असते. गाठीसकट मूत्रपिंड काढलं की बहुतेक बाळं बरी होतात. दुसरं मूत्रपिंड आयुष्यभर पुरतं. पेशी दाट असलेल्या प्रकारात गाठ परत येऊ शकते, त्यामुळे तिथे पुढची तपासणी सोडायची नाही.

मग घोर कशाचा? पाण्याचा. गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी. बाळ तेच गिळतं, म्हणून पातळी राखली जाते. गाठीमुळे लघवी वाढते, शिवाय आतड्यांवर दाब आला तर गिळलेलं पुढे सरकत नाही, असं मानतात. ताणलेल्या गर्भाशयाला वेळेआधी कळा लागतात. पाणी एकदम फुटलं तर नाळ खाली घसरू शकते, वार (प्लासेंटा) वेळेआधी सुटू शकते. काही बाळांचं हृदय थकून अंगभर सूज येते. जन्मानंतर रक्तदाब किंवा रक्तातलं कॅल्शियम चढलेलं सापडतं. गाठीपेक्षा अपुऱ्या दिवसांचा जन्मच अनेकदा जास्त जड जातो.

‘पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी तर चांगली होती’, असं घरचे कळवळून सांगतात. खरंच असते. ही गाठ बहुधा शेवटच्या तिमाहीतच दिसते. पोट भराभर वाढलं, दम लागू लागला, तर पुन्हा सोनोग्राफी करायलाच हवी.

आणि बाळंतपण कुठे, हे कळा लागण्याआधी ठरवायला हवं. नवजात बाळाची शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता एकाच छताखाली हवी. त्यासाठी कुणाला कोल्हापूर, कुणाला गोव्यातलं बांबोळी, कुणाला मुंबई गाठावी लागते. जुलैच्या रात्री आंबा घाटात दरड आली तर नुकतं जन्मलेलं, अपुऱ्या दिवसांचं बाळ घेऊन थांबायचं कुठे? त्यापेक्षा आईनेच दोन-तीन आठवडे आधी तिथे नातेवाइकांकडे मुक्कामाला जावं. बाळ पोटात असताना घाट चढणं सोपं.