चर्चपत्रक

ख्रिस्ती मंडळीच्या सभासदांना त्या आठवड्याचा उपासनाक्रम, कारभाराच्या सूचना आणि एकमेकांची खबरबात कळवणारे, बहुधा रविवारी चर्चच्या दाराशी वाटले जाणारे छापील किंवा चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल केलेले) पत्रक. कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील मंडळी) ते प्रमुख धर्मगुरूंच्या अधिकारात निघते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळक व सचिव यांच्याकडे हे काम असते. धर्मप्रांताचे (बिशपच्या अधिकारातील प्रदेशाचे) नियतकालिक किंवा मिशनचे वृत्तपत्र यांहून ते वेगळे धरले पाहिजे. त्याचा वाचक एकाच वेदीभोवती जमणारा, बहुतेक वेळा एकमेकांना नावाने ओळखणारा असतो.

उगम : याविषयी एकमत नाही. एक मांडणी मध्ययुगातील तोंडी घोषणांपर्यंत मागे जाते. 1215 च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने ठरलेले विवाह धर्मगुरूने चर्चमध्ये जाहीर करावेत, म्हणजे अडथळा ठाऊक असणाऱ्याला तो मुदतीत मांडता येईल, असे ठरवले. ट्रेंटच्या परिषदेने 1563 मध्ये हा नियम पक्का केला : लागोपाठच्या तीन सणवारी, मिस्साच्या (कॅथलिकांच्या मुख्य उपासनाविधीच्या) वेळी, वधूवरांच्या धर्मगुरूने घोषणा करायची. गुप्त विवाह आणि निषिद्ध नात्यांतील विवाह रोखणे हा हेतू. प्रवचनाच्या वेळी येत्या आठवड्यातील सण व उपवास सांगणे, मृतांसाठी प्रार्थना मागणे हेही याच परंपरेतले. आजच्या पत्रकातील मजकुराचे विषय पाहता हा वारसा नाकारता येत नाही. पण विषय जुळले म्हणून साधनही तेच ठरत नाही.

दुसरी मांडणी इंग्लंडमधील धर्मग्राम-मासिकांना आद्यस्थान देते. डर्बी येथील सेंट मायकेल चर्चचे धर्मगुरू जॉन अर्स्किन क्लार्क यांनी 1859 च्या जानेवारीत ‘द पॅरिश मॅगझिन’ सुरू केले. त्यातील लेख, कथा व चित्रे एका ठिकाणी छापली जात आणि निरनिराळे धर्मग्राम ती पाने घेऊन त्यांभोवती आपल्या स्थानिक वार्तांची पाने जोडत. कमी खर्चामुळे ही पद्धत झपाट्याने पसरली व तशी अनेक सामाईक मासिके निघाली. तथापि ती महिन्याला निघत, विकत घ्यावी लागत आणि घरी वाचायची असत. उपासनेच्या वेळी हाती असण्यासाठी ती नव्हती.

या दोहोंच्या मधला एक टप्पा सहसा दुर्लक्षिला जातो. इंग्लंडमध्ये धर्मग्राम हे स्थानिक कारभाराचेही एकक असल्याने सभेच्या, करांच्या आणि तत्सम सूचना उपासनेच्या वेळी मोठ्याने वाचल्या जात. 1837 च्या कायद्याने ही प्रथा बंद केली आणि अशा सूचना लेखी किंवा छापील स्वरूपात चर्चच्या दारावर किंवा दाराजवळ लावाव्यात असे ठरवले. विवाहाच्या घोषणा मात्र वाचल्या जात राहिल्या. सूचना कानांकडून डोळ्यांकडे वळल्याचा इतका स्पष्ट पुरावा अन्यत्र क्वचितच मिळतो. म्हणून पत्रकाच्या पूर्वेतिहासात या कायद्याला मासिकाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व द्यावे लागते.

निर्मिती : साप्ताहिक पत्रक परवडण्याजोगे झाले ते मेणकागदी प्रतिमुद्रणामुळे. एडिसन यांचे या प्रकारचे पहिले एकस्व (पेटंट) 1876 चे, ए. बी. डिक यांनी 1887 पासून अमेरिकेत ‘मिमिओग्राफ’ विकायला आणला. लंडनमध्ये डेव्हिड गेस्टेटनर यांचे काम साधारण त्याच सुमाराचे. मेण लावलेल्या पातळ कागदावर फीत काढलेल्या टंकलेखन यंत्राने अक्षरे उमटवली की त्या जागचे मेण निघते आणि त्यातून शाई खालच्या कागदावर उतरते. चुकलेले अक्षर द्रवाने बुजवून पुन्हा टंकता येई. शनिवारी दुपारपर्यंत आलेली मृत्यूची बातमी रविवारच्या पत्रकात येऊ शकली, ती यामुळे. अमेरिकेत रंगीत मुखपृष्ठ छापलेले व आतून कोरे असलेले कागद विकत मिळू लागले; आतला मजकूर मंडळीने स्वतः काढायचा. क्लार्क यांच्या पद्धतीच्या हे नेमके उलट आहे : तिथे आतला भाग सामाईक आणि बाहेरचा स्थानिक, इथे बाहेरचा सामाईक आणि आतला स्थानिक. पुढे फोटोकॉपी व संगणक आले.

यंत्र हाताशी आल्याने गीतेही पत्रकात छापली जाऊ लागली आणि स्वामित्वहक्काचा प्रश्न उभा राहिला. शिकागोच्या महाधर्मप्रांतावर एका गीतप्रकाशकाने भरलेल्या खटल्यात 1984 मध्ये ज्युरीने प्रकाशकाच्या बाजूने कौल दिला. वरिष्ठ न्यायालयाने पुढे त्यात बदल केला. पण चर्चना वार्षिक परवाना देणारी ‘सीसीएलआय’ ही संस्था 1988 मध्ये उभी राहिली, तिच्यामागे हीच पार्श्वभूमी होती.

मजकूर व मर्यादा : कॅथलिक मिस्साविधीत सूचनांचे स्थान कम्युनियननंतरच्या (पवित्र भाकरीच्या वाटपानंतरच्या) प्रार्थनेपाठोपाठ, आशीर्वादापूर्वी असून त्या थोडक्यात असाव्यात असा निर्देश आहे, सविस्तर मजकूर त्यामुळे पत्रकाकडे जातो. आजाऱ्यांची नावे छापणे हा सर्वांत नाजूक भाग होय. त्या नावांसाठी प्रार्थना व्हावी हा हेतू निर्मळ असला, तरी आजार ही खाजगी बाब आहे. युरोपीय संघाचा विदासंरक्षण (वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा) नियम 2018 मध्ये लागू झाल्यापासून तेथे संमती घेण्यावर भर आहे. कायदा नसता तरी आधी त्या घरी विचारणे योग्यच.

महाराष्ट्र व गोवा : अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनने 1842 मध्ये सुरू केलेला ‘ज्ञानोदय’ आणि मुंबईचा 1850 पासूनचा ‘एक्झामिनर’ यांचा चर्चपत्रकांच्या संदर्भात उल्लेख करता येईल, पण ती व्यापक वाचकवर्गाची नियतकालिके होत. वसईचे ‘सुवार्ता’ मासिक आणि पिळार (गोवा) येथून 1933 मध्ये निघालेले कोंकणी ‘वावराड्यांचो इश्ट’ यांनाही हेच लागू पडते. एकेका चर्चची पत्रके रविवार सरला की सहसा टाकून दिली जातात. आता बऱ्याच मंडळ्यांत त्यांची जागा व्हॉट्सॲप गटांनी घेतली आहे. वयस्कर सभासदांसाठी मात्र छापील प्रती काढल्या जातात.