शिकारी बोल्ट-रायफल : ओळख व सज्जता

शिकारी बोल्ट-रायफल : बोल्ट हाताने वर उचलून मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि पुढे ढकलून खाली पाडला की नवे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या पोकळीत) चढून कुलूप बसते, अशा यंत्रणेची आटेदार नळीची शिकारी बंदूक. यांतील काही मुळातच शिकारीसाठी घडवलेल्या असतात, तर काही लष्करी रायफलीवरून तयार केलेल्या. या नोंदीत मुख्यत्वे ठाणे व नवी मुंबई परिसरात जुन्या परवान्यांवर आढळणाऱ्या रायफलींची ओळख आणि त्यांच्यावर चढवायचा साज यांचा विचार केला आहे. शहापूर, मुरबाड, जव्हारकडील ज्या घराण्यांत पूर्वी मचाणावरची किंवा हाक्याची शिकार होती, त्यांच्या पुढच्या पिढ्या नोकरीधंद्यासाठी ठाणे, डोंबिवली, वाशी येथे स्थायिक झाल्या आणि आजोबांची रायफल फ्लॅटच्या कपाटात आली. घरात तिचे नाव बहुधा 'मॉझर', 'विलायती' किंवा नुसते 'थ्री फिफ्टीन' एवढेच चालत आलेले असते. हे तोंडी नाव व धातूवरचे ठसे जुळत नसतील, तर ठसा खरा मानावा.

ओळखीचा पहिला टप्पा यंत्रणेचा. प्रशियन सैन्याने १८४१ साली स्वीकारलेली ड्रायझेची सुई-बंदूक ही बोल्ट यंत्रणेची पहिली महत्त्वाची लष्करी रायफल मानली जाते. शिकारी रायफलींवर मात्र त्यानंतरच्या दोन घराण्यांचा ठसा आहे. एक जर्मन मॉझरचे, जे १८९८ च्या नमुन्यात पूर्णत्वाला पोचले. दुसरे जेम्स पॅरिस ली याच्या आराखड्यावरचे, म्हणजे ली-मेटफर्ड (१८८८) आणि ली-एनफील्ड (१८९५). दोहोंतला फरक बोल्ट हातात घेताच कळतो. मॉझर ९८ च्या बोल्टला पुढच्या टोकाशी दोन जाड लग (कुलूप धरणारे उंचवटे) असतात, मागे तिसरा सुरक्षा-लग असतो आणि उजव्या अंगाला लांबलचक पोलादी पट्टीसारखा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) असतो. काडतूस मॅगझीनमधून वर येतानाच तो त्याचे बूड पकडतो. बोल्ट उचलतानाच स्प्रिंग ताणली जाते, त्यामुळे उचलताना हाताला जोर लागतो. लीच्या बोल्टचे लग मागच्या बाजूला असतात, स्प्रिंग बोल्ट बंद करताना ताणली जाते आणि हालचाल आखूड व चपळ असते. लीच्या रायफलीला सेफ्टी (बार अडवणारी कळ) रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी घराच्या, डाव्या बाजूस, तर मॉझरला बोल्टच्या शेपटीवर पंखासारखी. ऑस्ट्रियन मॅनलिखर-शोनाउअर (१९०३) चपट्या, लोणी लावायच्या सुरीसारख्या मुठीवरून व फिरत्या मॅगझीनवरून दुरूनही ओळखू येते. आपल्याकडे ती विरळा.

.३१५ चा प्रश्न : भारतात सर्वाधिक पसरलेली शिकारी रायफल .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, इंचात). तिचा उगम वादग्रस्त आहे. सामान्यतः सांगितले जाते की .३०३ हा सैन्याचा बोअर असल्यामुळे नागरिकांना तो बंद होता आणि त्याला पर्याय म्हणून हे काडतूस खास भारतासाठी निर्माण केले गेले. यातील पहिला भाग सर्वसाधारणपणे खरा असला तरी काळाबाबत एकवाक्यता नाही. .४५० बोअरवरील बंदीचे वर्ष काही जण १९०५ देतात, काही १९०७; .३०३ वरील निर्बंध त्याच धोरणाचा भाग म्हणून सांगितले जातात. त्याआधी, १८९० च्या दशकात, गोरे अधिकारी बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने केलेल्या 'ली-स्पीड' नावाच्या हलक्या शिकारी रायफली .३०३ बोअरमध्येच बाळगत असत. तेव्हा निर्बंध विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हळूहळू आवळले गेले, असे म्हणणेच सुरक्षित.

दुसरा भाग, म्हणजे काडतूस भारतासाठी नव्याने घडवले हा, टिकत नाही. .३१५ ची पुंगळी मापाने ८×५० मिमी (व्यास × पुंगळीची लांबी) कडेच्या, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड असलेल्या, ऑस्ट्रियन मॅनलिखर काडतुसाचीच आहे, आणि ते काडतूस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात १८९० च्या सुमारापासूनचे. ८ मिमी म्हणजे .३१५ इंच, नावाचे कोडे इथेच सुटते. ब्रिटिश कारखानदारांनी आयतेच मिळालेले, .३०३ शी बुडाच्या व कडेच्या मापात जवळचे, म्हणून लीच्या यंत्रणेत फारशा बदलाविना बसणारे काडतूस निवडले, ही उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. स्वातंत्र्यानंतर ईशापूर (पश्चिम बंगाल) येथील रायफल कारखान्याने लीच्याच यंत्रणेवर .३१५ स्पोर्टिंग रायफल चालू ठेवली आणि ती देशभर गेली.

नाव फसवे असल्यामुळे येथे एक धोका संभवतो. .३१५ हा खाचांमधील उंचवट्यांवरून मोजलेला व्यास आहे. गोळी प्रत्यक्षात सुमारे.३२३ इंचाची असते, .३०३ ची सुमारे .३११ इंचाची. शिवाय जुन्या जर्मन मॉझरवर नुसते '८ मिमी' लिहिलेले असते तेव्हा ते ८×५७ असते. त्याची पुंगळी बिनकडेची व लांब, काडतूस .३१५ पेक्षा कितीतरी जोरकस. त्यातही दोन जाती आहेत. जुन्या 'जे' नळ्या .३१८ इंचाच्या गोळीच्या, जर्मन सैन्यात १९०५ पासून आलेल्या 'एस' नळ्या .३२३ च्या. 'आठ एमएम आहे' एवढ्या माहितीवर काडतूस मागू नये. ठसा वाचता येत नसेल तर परवानाधारक बंदूक-कारागिराकडून चेंबरचा साचा घेऊन मोजमाप करावे, तोवर बार काढू नये.

ठसे : लीच्या लष्करी रायफलीवर ठसा दस्त्याच्या मुळाशी, बोल्टच्या मुठीखाली येणाऱ्या पोलादी पट्ट्याच्या उजव्या अंगावर असतो. तेथे वर्षानुवर्षांचे तेल व धूळ जमून काळा थर बसतो. रॉकेलमध्ये भिजवलेल्या मऊ फडक्याने, न खरवडता, तो पुसला की आधी मुकुट दिसू लागतो, त्याखाली 'जीआरआय' ही सम्राटाची आद्याक्षरे, मग ईशापूरचे नाव आणि साल. प्रजासत्ताकानंतरच्या तुकड्यांवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि 'आरएफआय' (रायफल फॅक्टरी, ईशापूर) येतात. ठाणेकरांनी पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली थ्री नॉट थ्री याच कुळातली. १९६० च्या दशकातील ७.६२ मिमीची ईशापूरची २ए व २ए१ रायफल दिसायला तिचीच बहीण असली तरी तिचे मॅगझीन चौकोनी व १२ काडतुसांचे असते. हे दोन्ही बोअर नागरी परवान्यावर चालत नाहीत, म्हणून वाडवडिलांच्या सामानात असे काही सापडले तर साज चढवण्याचा विचार बाजूला ठेवून आधी पोलीस ठाणे गाठावे.

विलायती रायफलीवर नळीच्या मुळाशी प्रूफ-ठसे (नळी दाबाच्या चाचणीत टिकल्याची खूण) पाहावेत. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे (स्थापना १८१३) मुकुटाखाली 'बीपी', 'बीव्ही' व धूरविरहित दारूसाठी 'एनपी' असे ठसे १९०४ नंतरचे. दाब 'टन' मध्ये दिलेला असेल तर ठसा बहुधा १९५४ च्या नियमांनंतरचा. जर्मन ठशांत मुकुटाखाली 'यू' असतो. लंडनच्या रिग्बीसारख्या घरांनी मॉझरची यंत्रणा आणून तीवर रायफली बांधल्या, त्यामुळे एकाच रायफलीवर जर्मन यंत्रणा व इंग्रज नाव दोन्ही सापडणे स्वाभाविक आहे. रिग्बीचे '.२७५' म्हणजे ७×५७ मॉझरच. १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल याच बोअरची. ली-स्पीडची खूण आणखी वेगळी: लष्करी रायफलीवर काडतुसांची पट्टी अडकवण्यासाठी जो पूल रिसीव्हरवर आडवा असतो, तो तिच्यावर नसतो.

शेवटी क्रमांक जुळवावेत. लीच्या रायफलीत रिसीव्हर व बोल्टवरचा क्रमांक एकच हवा. कडेच्या काडतुसात बोल्टचे तोंड व पुंगळीची कड टेकते ती नळीची बैठक यांतील मोकळीक कडेच्या जाडीवर ठरते आणि परक्या बोल्टने ती बिघडते; .३०३ च्या लष्करी मापात ती .०६४ ते .०७४ इंच धरतात. क्रमांक न जुळणारी रायफल गेजने तपासल्याशिवाय वापरू नये.

साज : जुन्या शिकारी रायफलीला भोके पाडून दुर्बीण बसवण्याची हौस हे तिचे सर्वांत मोठे नुकसान आहे, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते. लीच्या यंत्रणेवर माथ्यावर सपाट जागा नाही. बाजूने कसणारे, नवे भोक न मागणारे माऊंट मिळाले तरच दुर्बीण घ्यावी. मॉझरच्या सरळ मुठीच्या लष्करी बोल्टला दुर्बीण आडवी येते, उभी राहणारी पंखाची सेफ्टीही तिला थडकते. त्यासाठी मूठ वाकवणे व ठेंगणी सेफ्टी बसवणे हे कसबी कारागिराचे काम. दुर्बीण डोळ्यापासून तीन-साडेतीन इंच दूर राहील अशी बसवावी, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. खरे तर मूळ पानांच्या (नेम धरायच्या खाचेच्या पट्ट्यांच्या) साईट हीच या रायफलीची शोभा आहे. १०० यार्डांचे पान स्थिर, २०० व ३०० ची घडीची, आणि माशीपाशी (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेपाशी) अंधारासाठी उभा करता येणारा मोठा पांढरा मणी. मचाणावर संध्याकाळ कलली की तो अंगठ्याने वर करत. पट्ट्याची पुढची कडी विलायती रायफलीत लाकडावर नसून नळीवर पुढे असते; धक्क्याच्या वेळी ती हाताला लागू नये, ही त्यामागची योजना. ती 'जागेवर नाही' म्हणून हलवू नये.

दस्ता अक्रोडाचा असेल तर पॉलिश वा वार्निश काढून जवसाचे तेल तळहाताने, थोडे थोडे, बरेच दिवस मुरवावे. खाडीलगतच्या ठाण्यात व नवी मुंबईत जून ते सप्टेंबर लाकूड फुगते आणि नळीला टेकते. तेव्हा नेम सरकला तर दोष साईटचा समजू नये. नळीच्या आतला गंज वेगळ्या कारणाने येतो. जुन्या काडतुसांच्या टोपीत (बुडाच्या, दारू पेटवणाऱ्या वाटीत) पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाल्यावर त्याचे क्षारात रूपांतर होते, तो हवेतले पाणी ओढतो आणि नुसत्या तेलाने जात नाही. म्हणून आधी नळीत कढत पाणी ओतायचे, कोरडी करायची, मगच तेल. सैन्यातही .३०३ साठी हीच रीत होती. रायफल कातडी म्यानात बंद करून ठेवणे मात्र पावसाळ्यात टाळावे, कातडे ओल धरते.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर शिकार बंद झाली, येऊर, तानसा वा तुंगारेश्वरच्या जंगलात रायफल नेण्याचा प्रश्न उरला नाही, आणि ते योग्यच झाले. आज हिचा उपयोग निशाण्याच्या कागदापुरता व वारसा म्हणून. शस्त्र अधिनियम, १९५९ खाली नळी आखूड करणे वा क्रमांक खोडणे हा गुन्हा आहे आणि दुरुस्तीही परवानाधारकाकडूनच करावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात व परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा त्याचे वय ७० झाल्यावर अथवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, वारसास परवाना मागता येतो. ठाणे व नवी मुंबईत अर्ज आपापल्या पोलीस आयुक्तालयाकडे, मुरबाड-शहापूरकडे जिल्हाधिकाऱ्यांकडे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात जवळजवळ बंद असल्याने विलायती रायफल एकदा बिघडवली की तिच्या जागी दुसरी येत नाही.

निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते तेव्हा पावतीवर बोअर, कारखान्याचे नाव व क्रमांक ठशावरून पाहूनच लिहून घ्यावेत. घरच्या तोंडी नावावरून लिहिलेली नोंद पुढे वारसाच्या अर्जात आडवी येते.