खाजण-कांदळवनावर पीएचडी करायची आहे? फेलोशिप, कागदपत्रं आणि जागेची परवानगी

‘पाणथळ जागांच्या पुनरुज्जीवनासाठी फेलोशिप’ अशा नावाची जाहिरात शोधत बसलात तर वर्ष हातचं जाईल. पैसे येतात ते नेहमीच्याच दारांनी: नेट-जेआरएफ (राष्ट्रीय पात्रता परीक्षा ‘नेट’मधून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप), राज्य सरकारच्या संशोधन संस्था, नाहीतर एखाद्या मार्गदर्शकाचा चालू प्रकल्प. विषय खाडीचा की डोंगराचा, याने पात्रतेत फारसा फरक पडत नाही. पण आपल्या कोकणातल्या खाजणांत, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनींत, आणखी एक प्रश्न असतो. फेलोशिपच्या अर्जात तो कोणी विचारत नाही आणि पुढे सगळं त्याच्यावरच अडतं: तुम्ही ज्या चिखलात उतरणार आहात, तो कोणाचा?

आधी पैशाचं पाहू.

यूजीसी-नेटमध्ये ‘पर्यावरण विज्ञान’ हा स्वतंत्र विषय आहे. जीवशास्त्र किंवा भूशास्त्रवाल्यांना सीएसआयआर-नेटचा रस्ता. यूजीसीच्या जेआरएफसाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना ५०. वय ३० पर्यंत. महिला, अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना पाच वर्षांची सूट. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलोशिप) झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. ऐकायला बरं वाटतं. पण विज्ञान शाखेचा आकस्मिक खर्च पहिल्या दोन वर्षांत वर्षाला १२,००० च आहे. होडीचं भाडं, मातीच्या नमुन्यांची तपासणी, क्षारता मोजायचं यंत्र हे त्यात बसत नाही. म्हणून मार्गदर्शक ठरवतानाच विचारून घ्या, त्यांच्याकडे प्रकल्पाचा निधी आहे का. हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

जेआरएफ थोडक्यात हुकली तरी नेट वाया जात नाही. २०२४ पासून नेटच्या निकालात ‘फक्त पीएचडी प्रवेश’ असाही गट असतो. त्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन मिळतं, मात्र हे गुण एकच वर्ष चालतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात जायचं असेल तर प्रवेशाची वाट राज्याच्या कृषी शिक्षण व संशोधन परिषदेकडून जाते, तिथलं वेळापत्रक वेगळं.

राज्याच्या संस्थांचा क्रम उलटा आहे आणि इथेच बरेच जण चुकतात. बार्टी अनुसूचित जातींसाठी, महाज्योती ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी, सारथी मराठा आणि कुणबी उमेदवारांसाठी. इथे आधी विद्यापीठात पीएचडीची नोंदणी लागते, मग अर्ज. म्हणजे जाहिरात आल्यावर मार्गदर्शक शोधायला निघालात तर उपयोग नाही. कुणबी दाखला असलेल्यांनी सारथी आणि महाज्योती दोन्हींच्या जाहिराती वाचाव्यात. लाभ अर्थात एकाच ठिकाणचा. एका वेळी एकच फेलोशिप, हा नियम सगळीकडे आहे आणि तसं हमीपत्र लिहून द्यावं लागतं.

एमएस्सीला विद्यापीठात पहिले आला असाल आणि वय २७ च्या आत असेल तर केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर फेलोशिप बघा. पीएचडी संपत आलेल्यांना अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप आहे, तिची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ३५. वनखात्याच्या कांदळवन कक्षाशी जोडलेलं कांदळवन प्रतिष्ठानही संशोधन प्रकल्पांना निधी देतं. तुमचा विषय खाडीचा असेल तर त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवाच.

आता जागा. अर्जाआधी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

पेण-अलिबागकडची खारबंदिस्ती डोळ्यांसमोर आणा. उधाणात बांधाला खांड जाते म्हणजे बांध फुटतो, उघाडी (पाणी आत-बाहेर सोडणारं बांधातलं दार) निकामी होते, खारं पाणी भातात शिरतं. शेती सुटते आणि काही वर्षांत तिथे तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, उभी राहतात. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर, पण आता झाडाला हात लावायची सोय नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालानुसार जमीन कोणाचीही असो, कांदळवन तोडता येत नाही. भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यातही बांधकाम चालत नाही. बांध सरकारी योजनेतला असेल तर असे खारबांध सांभाळणाऱ्या सरकारी खारभूमी विभागाचा संबंध येतो. सरकारी जमिनीवरची बरीच कांदळवनं वनखात्याकडे वर्ग झाली आहेत. एकाच पट्ट्यात असे तीन धनी.

शिवाय शेतकऱ्याला बांध दुरुस्त होऊन भात परत हवा असतो आणि तुम्हाला भरती आत खेळायला हवी असते. संमतीपत्रावर ‘पर्यावरण अभ्यास’ एवढंच मोघम लिहून सही घेऊ नका. काय मोजणार, किती दिवस येणार, बांधाला हात लावणार की नाही, हे मराठीत साफ लिहा. गावात एकदा ‘हे लोक आमची जमीन जंगलखात्याला देणार’ अशी कुजबुज सुरू झाली की तुमचं काम बसलं.

परवानगी मागताना कायदाही नीट निवडा. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम भातशेती, मिठागरं आणि मत्स्यशेतीच्या तळ्यांना लागू नाहीत. वनक्षेत्र किंवा सागरी किनारा नियमन क्षेत्रात येणारी जागाही त्यांतून वगळली आहे. म्हणजे कोकणातल्या बहुतेक खाजणांचं आणि कांदळवनांचं प्रकरण या नियमांत येत नाही. कांदळवनात उतरायचं तर वनखात्याला अर्ज. मालवण सागरी अभयारण्यात काम असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी. परदेशी विद्यापीठ भागीदार असेल आणि नमुने त्यांना द्यायचे असतील तर सहसा राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. तिला वेळ लागतो, तो संशोधनाच्या आराखड्यात धरा.

आराखड्याचं शीर्षक ‘कोकणातील पाणथळ जागांचे पुनरुज्जीवन: एक अभ्यास’ असं ठेवलंत तर निवड समितीला विचारायला भरपूर सापडेल आणि तुम्हाला सांगायला काही नसेल. त्यापेक्षा ‘अमुक खाडीतील खांड गेलेल्या खारजमिनीत भरतीचे पाणी पुन्हा खेळू लागल्यावर मातीची क्षारता आणि तिवर-चिपीची नैसर्गिक उगवण’ असं लिहा. त्यातून जागा कळते, काय मोजणार ते कळतं, आणि रोपं लावण्याआधी पाण्याची वाट बघितली पाहिजे हे तुम्हाला ठाऊक आहे हेही कळतं. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या सखल चिखलात कांदळाच्या शेंगा रांगेने खोचून फोटो काढणं सोपं असतं. तो चिखल फार वेळ पाण्याखाली राहणारा असेल तर ती रोपं टिकत नाहीत. समितीत खाडी ओळखणारा कोणी असला तर पहिला प्रश्न हाच येणार.

कागदपत्रांत मार्कशीट, पदवी, अधिवास, जातीचा दाखला, नोंदणीपत्र, मार्गदर्शकाचं संमतीपत्र हे सगळ्यांना माहीत असतं. माणसं अडतात ती जात वैधता प्रमाणपत्रावर. ते हातात नसेल तर जाहिरातीची वाट न बघता जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज टाका. ओबीसींसाठी यूजीसीला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याच्या नमुन्यातला चालत नाही; तहसील कचेरीत मागतानाच तसं सांगा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे एप्रिल-मेमधल्या जाहिरातीला जुना दाखला जोडला की अर्ज त्रुटीत गेलाच समजा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आधार, पदवी आणि बँक खातं तिन्हींवर एकच नाव आहे का बघा. नसेल तर राजपत्राची प्रत जोडा. खात्याला आधार नुसतं ‘लिंक’ असून भागत नाही, थेट लाभासाठी ते सीड झालेलं, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात जमा व्हावेत अशी नोंद झालेलं, लागतं. बँकेत हाच शब्द वापरून विचारा.

निवड झाल्यावर रुजू अहवाल लगेच पाठवा, कारण पैसे तिथून मोजायला सुरुवात होते. पुढे यूजीसीच्या फेलोशिपची दर महिन्याला संस्थेकडून ऑनलाइन खातरजमा व्हावी लागते, एक जण भरतो आणि दुसरा तपासतो. त्यांतला एक रजेवर गेला की हप्ता लांबतो, तेव्हा त्या दोघांची ओळख ठेवा. दोन वर्षांनी एसआरएफसाठी समितीपुढे प्रगती मांडावी लागते. पावसाळ्यात खाडीत होडी घालता येत नाही, त्यामुळे दोन वर्षांतला प्रत्यक्ष कामाचा काळ बराच कमी निघतो. जूनमध्ये रुजू झालात तर वनखात्याचा अर्ज त्याच महिन्यात टाका, म्हणजे पाऊस ओसरेपर्यंत परवानगी हातात येण्याची निदान शक्यता राहते.